पडण्याचें शिक्षण

इ. स. १८७६ सालीं जपानी सरकारनें सामुराई वर्गास तलवार लावून हिंडण्याची मनाई केली. त्या वर्गाची प्रतिष्ठा ओसरली, आणि तिच्याबरोबर जुजुत्सु या निःशस्त्र द्वंद्वविद्येलाहि उतरती कळा लागली. वस्तादांना शिष्य मिळेनात. सुशिक्षित लोक त्या विद्येस दांडगाईचें साधन समजूं लागले.

अशा वेळीं जिगोरो कानो (१८६०–१९३८) हे त्या विद्येकडे वळले. शरीरानें लहान असलेल्या कानोंना शाळेंत दांडग्या मुलांचा जाच सोसावा लागला होता. प्रतिकाराचें बळ यावें, एवढ्याच हेतूनें १८७७ सालीं त्यांनीं फुकुदा नांवाच्या वस्तादांचें शिष्यत्व पत्करलें. डाव कसा साधला असें विचारलें, कीं फुकुदा उत्तरादाखल त्यांना पुन्हा खालीं आपटीत! विद्या अस्सल होती. ती समजावून देण्याची रीत मात्र नव्हती.

१८८२ सालीं टोकियोंतील एईशोजी या बौद्ध मंदिरांत, बारा चटयांच्या जागेंत, कानोंनीं कोदोकान ही शाळा काढली. आरंभीं शिष्य अवघे नऊ. आपल्या विद्येस त्यांनीं जुदो म्हटलें. 'जुत्सु' म्हणजे कसब, 'दो' म्हणजे मार्ग. या शब्दांतच त्यांचा हेतु स्पष्ट होतो. घातक डाव त्यांनीं खुल्या झुंजींतून वगळले, आणि व्याख्यान व प्रश्नोत्तरें यांना सरावाच्या जोडीनें स्थान दिलें.

परंतु माणसाचें वर्तन व्याख्यानानें कितीसें पालटतें? खरें काम चटईवर होई. तेथें पाडावें कसें याच्या आधीं पडावें कसें हें शिकावें लागे. ज्याला इजा न होतां पडतां येतें, त्याची भीति जाते. प्रतिपक्ष्याचा तोल ढळवला, कीं थोडक्या बळानें काम होतें, हें ज्याला कळतें, त्याचा बळाचा गर्व उतरतो. आणि आज ज्याला आपण पाडूं, तोच उद्यां आपल्याला पाडणार असल्यानें, त्याचें अंग जपणें हा ज्याच्या त्याच्या स्वार्थाचाच भाग होतो. शील असें सरावांतून अंगीं बाणतें.

टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचें प्राचार्यपद कानोंनीं वीस वर्षांहून अधिक काळ भूषविलें. १९२२ सालीं त्यांनीं आपल्या विद्येचें सार दोन सूत्रांत मांडलें: शक्तीचा सर्वोत्तम विनियोग, आणि स्वतःचें व इतरांचें परस्पर कल्याण.

पुढें १९३० नंतर लष्करशाहीनें शाळांतील युद्धकलांना रणसज्जतेच्या कामीं जुंपलें. कानो १९३८ सालीं कैरोच्या ऑलिंपिक बैठकीहून परततांना बोटीवरच निवर्तले. १९४५ च्या पराभवानंतर शाळांत जुदोस बंदी झाली. ती १९५० सालीं उठली, आणि १९६४ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें जुदोस स्थान मिळालें.

चटया त्याच, डावहि तेच. परंतु फळ निराळें. शक्ति कशी वापरावी हें पहिलें सूत्र सांगतें. कोणासाठीं वापरावी हें दुसरें. दुसरें सुटलें, कीं पहिलें कोणाच्याहि हातचें हत्यार बनतें. म्हणून शिष्याला डाव देणाऱ्या गुरूनें त्याच्या हातीं दोन्हीं सूत्रें एकत्रच द्यावयाचीं असतात.