अडलेले इंजिन

वाचकहो, गवत कापण्याच्या यंत्रावर एक गृहस्थ बसले आहेत, अशी कल्पना करा. हे यंत्र म्हणजे एक बुटका ट्रॅक्टरच. त्याच्या पोटाखाली पाती फिरतात आणि बसल्या बसल्या हिरवळ सारखी कापली जाते. अमेरिकेत घरापुढची मोठी अंगणे अशा यंत्रांनी राखतात. गृहस्थ किल्ली फिरवतात. ‘टक्’ असा एक आवाज होतो. पुढे काही नाही. पुन्हा किल्ली, पुन्हा ‘टक्’. मग कपाळाला आठ्या पडतात आणि तोंडून वाक्य निघते, “हट्टालाच पेटलंय हे!”

माझा विषय इतिहास. यंत्रे दुरुस्त करणे हा काही माझा धंदा नव्हे. पण इतिहासाचा अभ्यासक म्हणून एवढे सांगू शकतो, की यंत्र हट्ट करीत नाही. ते अडते त्याला कारण असते, आणि ते कारण कधी ना कधी त्या यंत्रात येऊन बसलेले असते. ते केव्हा आले आणि का आले हे कळले, तर शोध कोठून सुरू करावा हेही कळते.

गवत कापण्याचे पहिले यंत्र 1830 मध्ये इंग्लंडातल्या स्ट्राउड गावी एडविन बडिंग याने केले. कापडाच्या गिरणीत लोकरी कापडावरचे तंतू कातरून काढणारे यंत्र असे, त्यावरून त्याला ही युक्ती सुचली. ते यंत्र माणसांनी ढकलायचे. पुढे मोठ्या यंत्रांना घोडे जुंपू लागले आणि हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे जोडे घालीत! घोडा अडला, तर तो भुकेला आहे की लंगडतो आहे, हे पाहताक्षणी कळे. 1902 मध्ये रॅन्सम्स या इंग्रजी कारखान्याने पेट्रोलवर चालणारे यंत्र बाजारात आणले, आणि अडण्याची कारणे लोखंडाच्या आत दडली.

ती कारणे मुळात तीनच. पेट्रोलच्या इंजिनाला इंधन हवे, ठिणगी हवी आणि नीट दाबलेली हवा हवी. याची साक्ष देणारी एक गोष्ट जर्मनीत घडली. 1888 च्या ऑगस्टात बर्टा बेंझ ही बाई पतीला न सांगता, त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. बरोबर दोन मुलगे. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. वाटेत इंधन संपले, ते वीसलोख गावच्या औषधांच्या दुकानातून घेतले. इंधनाची नळी तुंबली, तेव्हा बाईंनी टोपीची पिन काढून ती मोकळी केली, आणि ठिणगीची तार उघडी पडली ती मोज्याच्या पट्ट्याने गुंडाळली, असे सांगतात. आपला तर्क शाबूत ठेवून एकेक कारण तपासणारी ही पहिली दुरुस्तीवाली म्हणायला हरकत नाही.

आजही तेच दोष. पावसाळाभर टाकीत पडून राहिलेले पेट्रोल शिळे होते. त्याचा चिकट थर कार्बुरेटरच्या बारीक छिद्रात बसतो आणि वाट बुजते. हवेच्या गाळणीत धूळ आणि गवताचा भुसा भरतो. ठिणगी पाडणारा प्लग काजळीने माखतो.

आता त्या ‘टक्’ आवाजाकडे येऊ. आरंभीची इंजिने हँडल मारून सुरू करावी लागत. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला ज्यांनी हँडल मारले आहे, त्यांना या कामातला घाम ठाऊक आहेच. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते, दाबून तापलेल्या हवेनेच तेल पेटते. पेट्रोलच्या मोटारीत धोका ठिणगीचा असे. ती वेळेआधी पडली, तर इंजिन उलटे फिरून हँडल हाताला असा तडाखा देई, की मनगट मोडे. जाणते चालक म्हणून आंगठा हँडलभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवीत.

हे संकट टाळले ते अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग याने. तो आधी दुकानातल्या रोकड मोजणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात होता. त्या यंत्राचा खण उघडायला छोटी विजेची मोटर तेथे वापरली होती. तिला क्षणभरच जोर लावायचा असल्याने ती लहान असूनही चाले. तोच विचार त्याने इंजिनाला लावला, आणि 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आला. हात वाचले, पण बॅटरी नावाचा नवा पाहुणा घरात आला. आपल्या गृहस्थांच्या यंत्रात ‘टक्’ होते, त्याचा अर्थ बहुधा असा, की बॅटरीत आवाजापुरती वीज आहे, मोटर फिरवण्याइतकी नाही. किंवा बॅटरीच्या टोकांवर पांढरट गंज चढला आहे.

आणि ‘टक्’सुद्धा झाले नाही तर? तर कदाचित काही बिघडलेलेच नसेल! अलीकडच्या यंत्रांत ब्रेक दाबलेला नसला, किंवा पाती जोडलेली राहिली, तर इंजिन सुरूच होत नाही. पाती फिरत असताना चालक आसनावरून उठला, तर ते बंद पडते. त्यासाठी ब्रेकला, पात्यांच्या दांड्याला आणि आसनाखाली लहान बटणे बसवलेली असतात. पात्यांखाली पाय गेलेल्या माणसांच्या दुःखातून ही बटणे आली आहेत. पुष्कळ जण कंटाळून या बटणांच्या तारा परस्पर जोडून टाकतात. यंत्र मग मुकाट सुरू होते, पण जो धडा लोकांनी हातपाय गमावून शिकला, तो आपण दोन तारांच्या गाठीने पुसून टाकतो.

म्हणून माझे सांगणे असे, की इंजिन अडले तर त्याचा इतिहास उलटा वाचावा. शेवटी आलेले कारण पहिल्याने पाहावे. आधी ब्रेक, पाती आणि आसन. मग केटरिंगची बॅटरी. इंजिन फिरते पण पेट घेत नाही असे असेल, तर बर्टाबाईंच्या वाटेने जावे : ठिणगी, इंधन, हवा. आणि पात्यांजवळ हात घालण्यापूर्वी प्लगची तार काढून बाजूला ठेवावी, हे विसरू नये.

शिक्षकबंधूंना एक विनंती. इतिहास म्हणजे सनावळ्या, अशी मुलांची समजूत असते. त्यांना एकदा बंद पडलेल्या इंजिनापाशी न्या आणि विचारा, “यातले कोणते कारण केव्हा आले?” मुलांच्या लक्षात येईल, की सन हा पाठ करण्याचा आकडा नव्हे. त्या साली कोणाची तरी अडचण सुटलेली असते, आणि तिच्या जागी एक नवी, थोडी लहान अडचण येऊन बसलेली असते.