कातळाची वळचण

श्रीलंकेतल्या दांबुल्ला इथल्या लेण्यांपाशी पोचल्यावर प्रवासी घाईघाईने आत शिरतात, कारण आतली छते भित्तिचित्रांनी भरलेली आहेत. मी आधी बाहेरच थांबले. मान वर करून पाहिले, तर गुहेच्या कपाळावर कातळात एक लांबच लांब खाच खोदलेली होती. सिंहलीत तिला ‘कटारम’ म्हणतात. डोंगराच्या पाठीवरून ओघळत येणारे पावसाचे पाणी कातळाला धरून गुहेत उतरू पाहते. या खाचेच्या कडेशी ते अडते आणि बाहेरच्या बाहेर ठिबकते. घराला जशी वळचण असते, तशी ही कातळाची वळचण. श्रीलंकेतल्या अनेक गुहांत या खाचेखालीच ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत. गुहा भिक्खूंना राहण्याजोगी करायची, तर आधी पाण्याची वाट ठरवायची, हा त्यामागचा क्रम.

गेली बरीच वर्षे मी आपल्या सह्याद्रीतल्या लेण्यांची पाण्याची टाकी पाहत हिंडते आहे. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि डोंगरउतारावरचे पाणी कातळात कोरलेल्या पन्हळींतून टाक्यांत आणले आहे. त्यामुळे दांबुल्लाची ती खाच मला परकी वाटली नाही. तिने मला एक कसोटी मात्र दिली. ती घेऊनच मी तिथून जवळच असलेले कंदलामाचे हॉटेल पाहायला गेले.

हे हॉटेल जेफ्री बावा (१९१९–२००३) यांनी बांधले. बावा मूळचे वकील. वास्तुविशारद म्हणून ते पात्र ठरले १९५७ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. नव्वदीच्या सुरुवातीला एका हॉटेल कंपनीने त्यांना सिगिरियाच्या पायथ्याजवळची जागा देऊ केली. सिगिरिया म्हणजे पाचव्या शतकातल्या काश्यप राजाची, प्रचंड सुळक्यावरची नगरी. बावांनी ती जागा नाकारली आणि दूर कंदलामा तलावाकाठचा एक खडकाळ कडा निवडला. तिथून सिगिरिया क्षितिजावर दिसते आणि सिगिरियाच्या अंगावर मात्र काही येत नाही.

१९९४ मध्ये उभी राहिलेली ही इमारत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ एक किलोमीटर लांब आहे. तरी तलावापलीकडून पाहिले तर ती शोधावी लागते. सपाट गच्च्यांवर माती आणि झाडे आहेत, दर्शनी बाजूला वेलींचा पडदा आहे. आत शिरताना गुहेत शिरल्यासारखे वाटते आणि मार्गिकांमध्ये मूळचा खडक जागच्या जागी ठेवलेला दिसतो. वास्तुकलेच्या पुस्तकांत या अदृश्य होण्याचे कौतुक भरपूर आहे. पण हे हॉटेल बांधले जात असताना त्याला विरोध करणाऱ्यांच्या वाट्याला त्या पुस्तकांत फार तर एक-दोन वाक्ये येतात.

१९९२ च्या सुमारास बौद्ध भिक्खू आणि पर्यावरणवादी कार्यकर्ते या हॉटेलाविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. दांबुल्लाचे पावित्र्य भंगेल, हा एक आक्षेप होता. दुसरा होता तो सांडपाण्याचा: ते तलावात गेले तर काय?

या दुसऱ्या आक्षेपाचे वजन समजायचे, तर तिथला तलाव म्हणजे काय ते समजले पाहिजे. पाहुण्यांना खिडकीतून दिसते ते निसर्गदृश्य नव्हे. श्रीलंकेच्या या कोरड्या पट्ट्यात पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीत पडतो आणि उरलेले महिने साठवलेल्या पाण्यावर काढावे लागतात. म्हणून दोन हजार वर्षांपासून माणसांनी ओढ्यांवर मातीचे बांध घालून ‘वेव’, म्हणजे तलाव, बांधले. अनेक ठिकाणी एकाखाली एक अशी त्यांची साखळीच आहे. वरच्या तलावाखालच्या शेतातून निथळलेले पाणी खालच्या तलावात येते. मोठ्या तलावांच्या बांधात ‘बिसोकोटुव’ नावाचा दगडी चौकोनी हौद असे. बांधाखालून जाणाऱ्या पाण्याचा जोर तिथे मोडत असे आणि किती पाणी सोडायचे ते तिथूनच ठरत असे. हेन्री पार्कर या ब्रिटिश पाटबंधारे अभियंत्याने १९०९ च्या आपल्या ग्रंथात या हौदांचे महत्त्व जगापुढे मांडले. युरोपला ज्या झडपा पुढे कित्येक शतकांनी सुचल्या, त्यांचे हे पूर्वज, असे त्याचे म्हणणे होते. भंडारा-गोंदियातल्या मालगुजारी तलावांच्या काठी वाढलेल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको: असा तलाव घाण झाला, तर त्याची झळ खालच्या प्रत्येक शेताला लागते.

म्हणून मी विरोधकांना प्रगतीचे शत्रू मानत नाही. त्यांनी योग्य प्रश्न विचारला होता. इमारतीकडे पाहताना मीही तोच प्रश्न विचारला आणि वेलींपेक्षा महत्त्वाची गोष्ट दिसली ती खाली, जमिनीलगत. कडा फोडून सपाट करण्याऐवजी इमारत खांबांवर उचलली आहे. कड्यावरून येणारे पावसाचे पाणी तिच्या पोटाखालून आपल्या जुन्याच वाटेने तलावाकडे जाते. जनावरेही तिथूनच जातात. सांडपाण्यावर आवारातच प्रक्रिया होते आणि ते पाणी झाडांना दिले जाते. २००० साली अमेरिकेतल्या हरित इमारत परिषदेने या हॉटेलाला ‘लीड’ मानांकन दिले. असे मानांकन मिळालेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या हॉटेलांपैकी हे एक.

याचा अर्थ सगळे निर्दोष आहे असा नाही. सांगाडा काँक्रीटचा आहे आणि तलावाखाली शेती करणाऱ्याला इथल्या खोलीत एक रात्र राहणे परवडणारे नाही. आज सांडपाण्याची नीट व्यवस्था दिसते, म्हणून १९९२ मधली भीती खोटी होती असेही म्हणता येत नाही. भीती बोलून दाखवणारे होते, म्हणून बांधणाऱ्यांना सगळ्या देशासमोर उत्तरदायी राहावे लागले.

परतल्यावर घाटमाथ्यावरच्या एका नव्या ‘निसर्गस्नेही’ वसाहतीत जाण्याचा योग आला. छपरांवर गवत होते, भिंती मातीच्या रंगाच्या होत्या, लांबून घरे खरोखरच डोंगरात मिसळली होती. मी व्यवस्थापकांना विचारले, “इथला ओहोळ कुठून जायचा?” त्यांनी वाहनतळाकडे हात केला. तो भराव घालून सपाट केलेला होता. कडेला जुनी उंबराची झाडे होती, एका रांगेत, नागमोडी. पाणी कुठून वाहत होते ते अजून त्या झाडांवरून कळत होते.