कोड, कुष्ठ आणि एक जुना शब्द

हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आम्ही लहानपणी बेलापूर स्टेशनवर उतरून जात असू. मुक्काम गावातल्या नातेवाइकांकडे. त्यांच्या शेजारी एक मावशी राहत. त्यांच्या हातांवर आणि ओठांच्या कडेला दुधासारखे पांढरे डाग होते. एका भुवईचे केसही पांढरे झाले होते. मिस्साला त्या न चुकता येत, पण बसत शेवटच्या बाकावर. एकदा त्यांनी आम्हांस करंजी देऊ केली. घरातल्या मोठ्यांनी डोळ्यांनी खुणावले आणि आम्ही हात मागे घेतला. ही गोष्ट आम्ही अजून विसरलो नाही.

सामान्य काळातील सहाव्या रविवारी, ब वर्षाच्या वाचनात, लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातील उतारा येतो. डाग पडलेल्याने याजकाकडे जावे, अशुद्ध ठरल्यास वस्तीबाहेर राहावे. वेदीवरून तो वाचला जाताना मागच्या बाकावर बसणाऱ्यास काय वाटत असेल?

पण तो अध्याय संपूर्ण वाचला तर मौज वाटते. याजक तेथे अक्षरशः वैद्याप्रमाणे पाहतो: डाग त्वचेत खोल गेला आहे काय, त्यावरचे केस पांढरे झाले आहेत काय, सात दिवसांत तो पसरला काय. टक्कल पडलेला मनुष्य शुद्धच आहे. आणि ज्याचे सर्वांग पांढरे झाले, तोही शुद्ध! हे वर्णन आपण आज ज्याला कुष्ठरोग म्हणतो त्याचे नव्हे. कुष्ठाच्या चट्ट्यावरचे केस विरळ होतात, गळतात. पांढरे होतात ते कोडात. मूळ हिब्रू शब्द 'सारात' हा अनेक त्वचाविकारांना कवेत घेणारा होता. ग्रीक भाषांतरकारांनी त्याला 'लेप्रा' म्हटले. ग्रीक वैद्य हा शब्द खवले धरणाऱ्या त्वचेसाठी वापरीत. खऱ्या कुष्ठाला त्यांच्याकडे निराळे नाव होते. लॅटिनमध्ये 'लेप्रा' तसाच उतरला, युरोपच्या भाषांत गेला, आणि एका रोगाची भीती दहा रोगांना चिकटली. आपल्याकडेही 'कुष्ठ' हा शब्द असाच ऐसपैस. चरकाने कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले, सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे. मात्र कोड, म्हणजे श्वित्र, त्याने त्याच अध्यायात पण वेगळे काढले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

वेगळे का, ते त्वचेची रचना पाहिली की कळते. सर्वांत वरच्या थरात रक्तवाहिन्या नाहीत. तो सुमारे महिन्याभरात झडून नवा होतो. त्याच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या नष्ट झाल्या की कोड उठते. स्पर्श शाबूत, घाम शाबूत, संसर्ग मुळीच नाही. केसाचा रंगही अशाच पेशी देतात, म्हणून मावशींची भुवई पांढरी. कुष्ठाचा जंतू मात्र त्वचेबरोबर मज्जातंतूंत शिरतो. डाग फिकट किंवा तांबूस, पण तेथे टोचलेले कळत नाही. बोटे झडतात ती रोगाने थेट नव्हे. चटका आणि जखम न कळल्याने. गजकर्ण, खरूज, इसब, चाई, नखुरडे यांचा तर या कुळाशी संबंधच नाही, तरी त्यांनाही लोक बिचकतात.

१८७३ हे वर्ष या इतिहासात विलक्षण ठरले. नॉर्वेत हॅन्सनने कुष्ठाचा जंतू पाहिला आणि त्याच वर्षी फादर डेमियन मोलोकाई बेटावर उतरले. त्यांचा मृत्यू १८८९ साली त्याच रोगाने झाला. त्यांच्या स्मरणार्थ इंग्लंडमध्ये निधी उभा राहिला आणि त्यातून १८९०-९१ मध्ये कुष्ठरोग आयोग भारतात आला. संसर्गाचा धोका अल्प आहे, सक्तीने कोंडण्याचे कारण नाही, असा त्याचा निष्कर्ष. तरीही १८९८ मध्ये कायदा झाला आणि भीक मागणाऱ्या रुग्णांना आश्रमांत डांबण्याची मुभा मिळाली. मुंबईत माटुंग्याला १८९० मध्येच आश्रम उघडला होता, तो आयुक्त हॅरी ॲक्वर्थ यांच्या खटपटीने. मराठी वाचकांना हे नाव परके नसावे; शाळिग्रामांसमवेत ऐतिहासिक पोवाडे जमवून छापणारे ते हेच ॲक्वर्थ.

पुढे वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली आणि वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवनात काम उभे केले. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे आली. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचविला आणि रोग सहा महिने ते वर्षभरात बरा होऊ लागला. उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्ग जवळजवळ उरत नाही.

कायदे मात्र मागे राहिले. १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. आणि आम्हां ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ साली, रोग पुरता बरा होत असताना, 'असाध्य कुष्ठ' हे घटस्फोटाचे कारण म्हणून नव्याने घालण्यात आले! ते २०१९ मध्ये वगळले गेले. त्यापूर्वी दहा वर्षे, २००९ मध्ये, डेमियन संत घोषित झाले होते.

बेलापूरच्या मावशी तोवर राहिल्या नव्हत्या. तव्यावरून चपाती उलटताना त्यांना चटका बसला की त्या बोट झटकून ओठांत धरीत, हे आम्ही खिडकीतून कितीदा पाहिले होते.