चौसष्ट पायऱ्या आणि एक दोरी

कुणाच्या घरी गेले की मी आधी पायऱ्या मोजते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या थकल्या माणसांना आपल्याच घरात आपलं आपण वावरता यावं, हे माझं काम.

या पट्ट्याचा इतिहास मला पायऱ्यांतून दिसतो. बदलापूर गावातली जुनी घरं कौलारू, बैठी. उंबरठे उंच, न्हाणी परसात. पण भिंत धरत धरत म्हातारी ओट्यावर येऊन बसे आणि आल्यागेल्याची विचारपूस करी. उल्हासनगर म्हणजे मुळात कल्याणजवळची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथल्या बराकींत उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी वस्तीला आजचं नाव दिलं. बराकी बैठ्याच. पाण्याला, संडासला बाहेर जावं लागे. तिथल्या एका सिंधी आजींनी मला सांगितलं, त्यांच्या आंधळ्या सासूबाईंसाठी दारापासून नळापर्यंत सुतळी बांधलेली होती. तिला धरून त्या एकट्या जात, एकट्या येत.

आमची विद्या याहून वेगळं काय सांगते? अमेरिकेत जन्मलेल्या कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये या विद्येची देशातली पहिली शाळा काढली. माणूस बदलत नसेल तर त्याच्याभोवतीचं घर बदला, हे आम्ही तिथूनच शिकत आलो.

पुढे गिरगाव-लालबागच्या चाळी सोडून माणसं स्वस्त जागेसाठी इकडे आली. चार-चार मजले, लिफ्ट नाही. चाळिशीत लोकल गाठायला ज्या पायऱ्या धावत उतरले, त्यांनीच पंचाहत्तरीत कोंडून घातलं.

बदलापुरातल्या चौथ्या मजल्यावरच्या एक आजी खुब्याचं हाड मोडल्यापासून अंघोळीलाही सुनेवर अवलंबून होत्या. आम्ही मोरीत भिंतीला स्टीलचा आडवा दांडा बसवला, खाली प्लॅस्टिकची भक्कम खुर्ची ठेवली. पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे सरकवले. चहा-साखरेचे डबे वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीला आणले. तिसऱ्या आठवड्यात गेले तर आजी म्हणाल्या, "बस गं पोरी, चहा मी टाकते." सून दारात उभी राहून डोळे पुसत होती.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टी गाठलेल्यांना साहित्यासाठी एकदा तीन हजार रुपये मिळतात. काठी, कमोडची खुर्ची त्यात येते. जिना येत नाही. म्हणून जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची बैठक असली की मी लोकांना सांगते, आधी लिफ्ट मागा, खोलीचे चार फूट नंतर.

भाजीवाला आला की आजी गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात. कोथिंबीर निवडून घेतात, भावही करतात. दोरी रोज खाली पोचते. चौसष्ट पायऱ्या उतरून आजींना अजून पोचायचंय.