विक्रांत गेली, विमाने उरली

गोव्यात दाबोळीजवळचे नौदल विमान संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. सहलीला आलेली कुटुंबे तिथे तासभर रमतात, विमानांपुढे मुलांचे फोटो काढतात. युद्धाच्या साधनांची अशी जत्रा करू नये, हा आक्षेप मला पटत नाही. डिसेंबर १९७१मध्ये इथे दिसणाऱ्या सी हॉक आणि अलिझे जातीच्या विमानांनी ज्या विक्रांतवरून झेपावून कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले, ती युद्धनौका १९९७ साली निवृत्त झाली. पुढे मुंबईत तिचे संग्रहालय झाले, ते २०१२मध्ये बंद पडले आणि २०१४मध्ये नौका भंगारात गेली. जीर्ण सांगाडा आणि खर्च ही कारणे खरीच होती. पण लोकांचा राबता तुटला की वस्तूची बाजू घेणारेही उरत नाहीत.

मुलांच्या गर्दीने युद्धाचे उदात्तीकरण होते, असेही म्हणतात. त्यांनी दाबोळीच्या सी हॉकपाशी थांबून पाहावे. त्याचे पंख वर दुमडतात, कारण जहाजावर जागा अपुरी. शेपटीखाली आकडा आहे, कारण आखूड धावपट्टीवर पोलादी तारेत अडकूनच ते थांबायचे. आकडा चुकला तर वैमानिकाचे काय व्हायचे, हे मुलाने विचारले की शौर्याबरोबर जोखीमही समजते. खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर ही विमाने गंजतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यांच्यावर छप्पर हवे, आणि ती मागणी तिकीट काढून येणाऱ्या कुटुंबांनीच लावून धरावी.