ठिणगीची वाट

पेट्रोलचें इंजिन हवा आणि इंधन यांवर चालतें, असें सामान्यतः मानण्यांत येतें. परंतु या दोहोंच्या मिश्रणाला चेतविणारी ठिणगी योग्य क्षणीं पडली नाहीं, तर उत्तम इंधनही व्यर्थ होय. जुनी मोटार चौकांत उभी असतां थरथरूं लागते, तिचें इंजिन मधूनच एखादा ठोका चुकवितें; तेव्हां दोष इंधनाचा कीं ठिणगीचा, हा पहिला प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे.

जर्मनींतील कार्ल बेंझ यांनीं 29 जानेवारी 1886 रोजीं आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठीं अर्ज केला. त्यांचे समकालीन गॉटलीब डाइमलर हे तापविलेल्या नळीनें मिश्रण पेटवीत. बेंझ यांनीं बॅटरी आणि तारेचें वेटोळें यांचा मार्ग धरला. 1888 च्या ऑगस्टमध्यें त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ यांनीं पतीला न कळवितां, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारें शंभर किलोमीटरांचा प्रवास केला. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनीं टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. ठिणगीच्या तारेचें आवरण बिघडलें, तेव्हां मोज्याचा बंध तारेवर गुंडाळला, असें सांगतात. मोटारीच्या त्या पहिल्या दूरच्या प्रवासांतच तिच्या दोन्ही व्याधि अशा प्रकट झाल्या.

पुढें श्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें 1897 सालीं मोटार-वाहनाला मॅग्नेटो जोडला. इंजिनाच्या फिरण्यांतूनच वीज उत्पन्न होऊं लागल्यानें बॅटरीची गरज उरली नाहीं. 1902 सालीं बॉश यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. मात्र इंजिन मंद फिरे तेव्हां मॅग्नेटोची ठिणगीही दुबळी होई. त्यांतच इंजिन सुरू करण्यासाठीं हातानें दांडा फिरवावा लागे. ठिणगी वेळेआधीं पडली, तर दांडा उलट झटका देई आणि मनगट मोडण्याचा प्रसंग येई.

या अडचणींतून वाट काढली ती अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांनीं. त्यांनीं 1910 सालच्या कॅडिलॅक मोटारीसाठीं बॅटरीवर चालणारी नवी पद्धति दिली, आणि 1912 सालच्या कॅडिलॅकमध्यें त्यांचा विजेचा स्टार्टर बसला. या मार्गानें रूढ झालेली रचना सोपी आहे. बॅटरीचा प्रवाह वेटोळ्यांतून वाहतो. पॉइंट उघडतांच तो तुटतो, चुंबकक्षेत्र कोसळतें आणि दुसऱ्या वेटोळ्यांत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. कंडेन्सर पॉइंटांना जळूं देत नाहीं. डिस्ट्रिब्यूटर तो दाब पाळीपाळीनें प्रत्येक प्लगाकडे पोंचवितो. मिनिटाला 750 फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनांत दर सेकंदास 25 ठिणग्या पडतात.

दोष मंद गतींतच उघडा पडतो, याचें कारण असें. त्या वेळीं कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते. सिलिंडरांत थोडेंच मिश्रण शिरतें आणि त्यांत आधींच्या जळालेल्या वायूचा अंश अधिक असतो. असें मिश्रण दुबळ्या ठिणगीला दाद देत नाहीं. म्हणून जाणता मिस्त्री कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात घालण्यापूर्वीं ठिणगीची वाट तपासतो. चालत्या इंजिनाच्या प्लगांच्या तारा आवरण असलेल्या चिमट्यानें तो एकेक करून काढून पाहतो. जी तार काढल्यानें चालींत फरक पडत नाहीं, त्या सिलिंडरांत रोग आहे. दोन तारांची अदलाबदल झाली आहे काय, पॉइंटांतील फट बरोबर आहे काय, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीला ओल अथवा तडा आहे काय, हें तो क्रमानें पाहतो. अंधारांत इंजिनाकडे पाहिलें, तर तारेंतून गळणारी वीज डोळ्यांनाही दिसते. हें सारें निर्दोष ठरलें, म्हणजे मग कार्ब्युरेटरचे छिद्रमार्ग आणि हवा चोरणारे सांधे यांची पाळी येते.

ही पद्धति साठ वर्षांहून अधिक काळ टिकली. 1973 सालीं क्रायस्लर कंपनीनें अमेरिकेंतील आपल्या मोटारींना पॉइंटांऐवजीं इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन दिलें, आणि हळूहळू कार्ब्युरेटरही मागें पडला. मुंबईच्या रस्त्यांवर मात्र कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यांतील पद्मिनी, पिवळ्या छताची काळी टॅक्सी होऊन, 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत धांवली. नव्या यंत्रांत ठिणगी कधीं चुकत नाहीं असें नाहीं. पण ती कोठें चुकली, हें सांगण्यास आतां संगणक लागतो. बेर्टा बेंझ यांना जें रस्त्याच्या कडेला दोन बोटांनीं साधलें, तें कौशल्य आज जुन्या मोटारी सांभाळणाऱ्या मोजक्या हातांतच उरलें आहे.