मिश्र फळांचा पाय
मिश्र फळांचा पाय : मैद्याच्या खुसखुशीत पारीत दोन किंवा अधिक फळांचे गोड सारण भरून भाजलेला पदार्थ. मूळ युरोपातला. इंग्लंडमध्ये ब्लॅकबेरी आणि सफरचंद, उत्तर अमेरिकेत स्ट्रॉबेरी आणि ऱ्हुबार्बचे आंबट देठ या जोड्या घरोघरी रुळल्या आहेत. कॅनडातल्या ‘बंबलबेरी पाय’मध्ये बंबलबेरी नावाचे फळ नसतेच, हाताशी असतील त्या बेरी, सफरचंद आणि ऱ्हुबार्ब एकत्र केले जातात.

फळे एकत्र करण्यामागे चवीइतकेच सारण जमण्याचे कारण असते. सारणाला तीन गोष्टी लागतात : भरीव गर, आंबटपणा आणि पेक्टिन. पेक्टिन हा फळातला घट्टपणा आणणारा घटक असून साखर आणि आम्ल यांच्या सोबतीने तो जेलीसारखा धरतो. एकाच फळात हे तिन्ही क्वचितच पुरेसे असतात. स्ट्रॉबेरीला रंग आणि वास भरपूर, पण शिजताना ती पाणी सोडते आणि पेक्टिन कमी पडते. म्हणून तिला सफरचंद जोडतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच डोंगरातली गोड तुती आणि ही आंबूस स्ट्रॉबेरी ही महाराष्ट्रातली सोपी जोडी.

पण मराठवाड्यातल्या हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगावसारख्या गावी बेरी शोधत बसण्याचे कारण नाही. मराठवाड्याच्या बाजारात येणारी फळे या कामाला उत्तम आहेत, मात्र त्यांचे स्वभाव ओळखावे लागतात. हिवाळ्यातला पेरू पेक्टिनने समृद्ध असतो. शिजवून, बिया गाळून त्याचा गर घेतला आणि त्यात पपईचे तुकडे घातले, तर सारण सुरीने कापता येईल इतके बसते. पपईत आंबटपणा जवळजवळ नसतो, तो लिंबाने किंवा कवठाने भरून निघतो. महाशिवरात्रीच्या सुमारास गूळ घालून खाल्ले जाणारे कवठ आंबट आणि पेक्टिनयुक्त, दोन्ही आहे. मोठ्या वाटीभर पेरूच्या गराला त्याचे दोन चमचे पुरतात, जास्त झाल्यास तुरटपणा वर येतो. उन्हाळ्यात केशर आंब्याला कैरी किंवा करवंद जोडावे. वसमत–अर्धापूर पट्ट्यातले केळे शिजल्यावर मऊ पडते आणि काळवंडते. त्याला लिंबू चोळून भाजलेल्या पायवर शेवटी लावणे बरे.

सीताफळाचा प्रश्न वेगळा आहे. बीड–बालाघाटच्या सीताफळांचे नाव मोठे, पण गर तापवला की कडवट होतो. तो भट्टीत कधीच घालू नये. थंड साय किंवा चक्क्यात फेटून गार पारीत भरावा. डाळिंबाचे दाणेही शिजवू नयेत, ते वरून पेरावेत.

पारीसाठी वजनाने तीन भाग मैदा, दोन भाग थंडगार लोणी आणि एक भाग बर्फाचे पाणी हे जुने प्रमाण आहे. लोण्याचे कण पिठात अख्खे राहिले तरच पापुद्रे सुटतात. साट्याच्या करंजीतही पापुद्र्यांमधले तूप हेच काम करते, त्यामुळे ज्या हाताला करंजी जमते त्याला पारी अवघड नाही. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा पीठ पहाटे मळून फ्रीजमध्ये ठेवणे भाग आहे.

भट्टी असल्यास पाय प्रथम २०० आणि नंतर १८० अंश सेल्सिअसवर, सारण मधोमध खदखदेपर्यंत भाजतात. त्याआधी काढल्यास, सारण घट्ट होण्यासाठी कॉर्नफ्लोअर घातले असेल तर ते कच्चे राहते. भट्टी नसल्यास शिटी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्ये तळाशी मीठ पसरून, वर स्टँड ठेवून भाजता येते. अशा भाजणीत वरची बाजू तांबूस होत नाही, म्हणून वरचे झाकण टाळून उघडा पाय करावा : पारी रिकामीच भाजायची, सारण कढईत आटवायचे आणि नंतर भरायचे. दोन्ही पद्धतींत कापण्यापूर्वी तीन-चार तास निवू देणे आवश्यक आहे. गरम सारण वाहते.

चार-पाच फळे एकत्र केली की कोणाचीच चव ठळक राहत नाही. एक गराचे आणि एक आंबट, अशी दोनच फळे घेणे सर्वांत चांगले. तिसरे घ्यायचे तर केवळ वासापुरते.